बँकेच्या बाजूनं हुकूमनामा झाला: अपील करण्याआधी काय तपासायचं?

हातातल्या कागदाच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, कोणाचं नाव छापलंय ते आधी वाचा. सोलापुरात कर्जवसुलीचा कुठलाही कागद घरी आला की 'कोर्टाचा निकाल लागला' असंच म्हणतात. प्रत्यक्षात तो दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा, म्हणजे निकालावरून निघालेला वसुलीचा आदेश असेल, सहकारी न्यायालयाचा निवाडा असेल, उपनिबंधकांनी दिलेला, सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला असेल, लवादाचा निवाडा असेल किंवा पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाचा, म्हणजे डीआरटीचा आदेश असेल. प्रत्येकाला आव्हान द्यायचं ठिकाण वेगळं, मुदत वेगळी, आधी भरायची रक्कम वेगळी. चुकीच्या ठिकाणी दाद मागण्यात दोन महिने गेले की बरोबर ठिकाणची मुदत निघून गेलेली असते, आणि मग विलंब माफीसाठी हात जोडावे लागतात.

राष्ट्रीयीकृत किंवा खाजगी बँकेचं कर्ज असेल आणि येणं 20 लाखांच्या आत असेल, तर दावा दिवाणी न्यायालयात चालतो. 20 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर डीआरटी. व्यवसायाचं कर्ज असेल आणि दाव्याची रक्कम 3 लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर तो व्यावसायिक न्यायालयातला दावा असू शकतो. तिथे अपिलाची मुदत 60 दिवस. साध्या दिवाणी दाव्यात जिल्हा न्यायालयात अपील 30 दिवसांत, उच्च न्यायालयात 90 दिवसांत. अपील यातल्या कुठे जाणार ते दाव्याच्या रकमेवर ठरतं. ही मर्यादा कायदादुरुस्तीनं बदलत आलेली आहे, म्हणून शेजाऱ्याच्या दहा वर्षांपूर्वीच्या अपिलावरून अंदाज बांधू नका. उच्च न्यायालयाचं काम निघालं तर आता मुंबईची वारी नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो.

नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था यांचा रस्ता निराळा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकारी न्यायालयानं निवाडा दिला असेल तर सहकारी अपील न्यायालयात दोन महिन्यांत जायचं. कलम 101 चा दाखला असेल तर त्यावर अपील नसतं, कलम 154 खाली पुनरीक्षण अर्ज असतो, तोही दोन महिन्यांत. आणि इथेच अनेकांचं गाडं अडतं: वसुलीयोग्य रकमेच्या 50 टक्के भरल्याशिवाय तो अर्ज दाखलच करून घेत नाहीत. बहुराज्य संस्था असेल तर वाद लवादाकडे जातो. लवादाच्या निवाड्याला जिल्हा न्यायालयात आव्हान द्यायला 3 महिने, सबळ कारण दिलं तर वर 30 दिवस, आणि त्यानंतर एक दिवसही नाही. तिथे आजारपण, लग्नकार्य, वकील बदलला, कुठलीच सबब चालत नाही.

डीआरटीच्या आदेशावर मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणात 30 दिवसांत जायचं. तिथे ठरलेल्या येण्याच्या 50 टक्के आधी भरावे लागतात. न्यायाधिकरण कारणं नोंदवून ही रक्कम कमी करू शकतं, पण 25 टक्क्यांच्या खाली नाही.

लोकअदालतीत तडजोडीवर सही केली असेल, तर त्यावर अपीलच नाही. उच्च न्यायालयात रिट करता येतं, तेही फसवणुकीसारखं ठोस कारण असेल तरच. लोकअदालतीच्या दिवशी गर्दीत, 'नुसती सही करा, हप्ते पाडून देतो' म्हणून पुढे आलेल्या कागदावर रक्कम, व्याजदर आणि 'हप्ता चुकल्यास संपूर्ण रक्कम वसूल' ही ओळ वाचल्याशिवाय पेन उचलू नका.

यापुढे मुख्यतः दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याबद्दल. सर्वसामान्य कर्जदार आणि जामीनदार बहुधा तिथेच अडकतात.

दिवस मोजायचे कसे

समजा निकाल 10 जूनला लागला. तो दिवस धरायचा नाही. 11 जूनपासून 30 दिवस म्हणजे 10 जुलै. तुम्ही 20 जूनला नक्कल विभागात अर्ज दिला आणि नक्कल 8 जुलैला तयार झाली. अर्जाच्या आणि तयारीच्या दिवसासकट हे 19 दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून शेवटची तारीख 29 जुलै. यात दोन चुका नेहमी होतात. पहिली, वजा होणारा काळ नक्कल तयार झाल्याच्या दिवशी संपतो, तुम्ही ती उचललीत त्या दिवशी नाही. नक्कल आठवडाभर खिडकीत पडून राहिली तर तो आठवडा तुमचा गेला. दुसरी, मुदत संपल्यावर नकलेचा अर्ज दिला तर काहीच वजा होत नाही. नकलेच्या मागच्या शिक्क्यात अर्जाची, तयारीची आणि दिल्याची अशा तारखा असतात. त्या तिथल्या तिथे तपासा, चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या.

ई-कोर्ट्सच्या ॲपवर दाव्याचा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की निकालाची पीडीएफ मिळते. ती वाचायला उत्तम. अपिलासोबत जोडायला प्रमाणित नक्कलच लागते.

आणि फक्त निकालाची नक्कल मागून थांबू नका. वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, दोन्ही बाजूंच्या साक्षी, बँकेचा खातेउतारा, सगळ्या निशाण्या (क्रमांक देऊन पुराव्यात घेतलेले कागद) आणि रोजनामा यांच्याही नकला काढा. रोजनाम्यात कोणत्या तारखेला काय झालं याची ओळ न् ओळ असते. 'आमच्या वकिलांनी सांगितलंच नाही' या तक्रारीत किती तथ्य आहे, ते तिथेच कळतं.

समन्सच मिळालं नव्हतं

एकतर्फी, म्हणजे प्रतिवादीच्या गैरहजेरीत झालेल्या हुकूमनाम्यांत जामीनदारांची संख्या मोठी. कर्जाच्या वेळी पत्ता पूर्व भागातल्या भाड्याच्या खोलीचा होता, नंतर माणूस विडी घरकुलला राहायला गेला, समन्स जुन्या पत्त्यावर गेलं. अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9 रूल 13 खाली त्याच न्यायालयात हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज देता येतो. मुदत 30 दिवस. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हे 30 दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून.

नुसतं 'मला समन्स मिळालं नाही' म्हणून चालत नाही. फाईलमधून बेलिफाचा, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याचा अहवाल काढा. घर बंद म्हणून दारावर डकवलं असेल, तर केव्हा डकवलं, कोणाच्या समक्ष, घर कोणी दाखवलं, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. बेलिफाचं शपथपत्र आहे का? नसेल तर न्यायालयानं त्याला शपथेवर तपासलंय का? वर्तमानपत्रात जाहीर समन्स दिलं असेल, तर त्याआधी साध्या मार्गानं बजावणीचा खरा प्रयत्न झाला होता का? आणि त्या काळात तुम्ही दुसरीकडे राहत होता याचा कागद जोडा: भाडेकरार, वीजबिल, रेशनकार्डवरचा पत्ता, मुलाच्या शाळेचा दाखला. उलट, तारखेची माहिती तुम्हाला वेळेत होती असं दिसलं, तर बजावणीतली बारीकसारीक चूक तुम्हाला वाचवत नाही. कायद्यातच तसं लिहिलंय.

एकतर्फी हुकूमनाम्यावर अपीलही करता येतं आणि हा अर्जही देता येतो. पण अपील फेटाळलं गेलं की अर्जाचं दार बंद होतं. म्हणून बजावणीचाच प्रश्न असेल तर आधी अर्ज, हा क्रम बरा. दावा ऑर्डर 37 चा, म्हणजे समरी (झटपट पद्धतीनं चालणारा) असेल, तर रूल 13 लागत नाही. तिथे ऑर्डर 37 रूल 4 आहे आणि तो जास्त कडक आहे: गैरहजेरीचं कारण विशेष असावं लागतं, आणि बचावात दम आहे हेही दाखवावं लागतं.

खातेउतारा वाचायला बसा

अपिलाचा खरा माल इथे असतो. बँकेनं दिलेला उतारा बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, 1891 प्रमाणे प्रमाणित आहे का, संगणकावरून काढला असेल तर कलम 2अ चं प्रमाणपत्र जोडलंय का, हे पाहा. पण एवढ्यावर फार विसंबू नका. ही त्रुटी खालच्या न्यायालयात वेळेवर हरकत घेऊन मांडली नसेल, तर अपिलात तिचं वजन घटतं. त्याहून भक्कम मुद्दा हा, की हिशेबाच्या वहीतल्या नुसत्या नोंदी कोणावर देणं बसवायला पुरेशा नसतात. म्हणून बँकेनं सोबत कर्जकरार, पैसे दिल्याचा पुरावा आणि साक्षीदार दिलेला असतो. तो साक्षीदार अलीकडेच शाखेत बदलून आलेला असेल आणि 'मला व्यक्तिशः माहिती नाही, रेकॉर्डवरून सांगतो' असं उलटतपासात म्हणाला असेल, तर त्या वाक्याला खूण करून ठेवा.

मग पेन्सिल घेऊन व्याज तपासा. समजावण्यापुरता एक हिशेब करू. टॉवेलच्या कारखान्याचं थकीत कर्ज 5,00,000 रुपये, करारातला व्याजदर 12 टक्के, महिनेवारी आकारणी, थकल्यावर 2 टक्के दंडव्याज. पहिल्या महिन्याचं व्याज 5,000 आणि दंडव्याज 833. बँकेनं दोन्ही मिळून 5,833 मुद्दलात टाकले आणि पुढचं व्याज 5,05,833 वर लावलं. असंच 36 महिने चाललं तर येणं सुमारे 7,59,000 होतं. व्याज मुद्दलात धरणं करारात असेल तर चालतं. दंडव्याज मुद्दलात धरणं चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2001 मध्ये सेंट्रल बँक विरुद्ध रवींद्र या प्रकरणात सांगितलंय. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानं तर दंड 'व्याज' म्हणून लावण्यालाच मनाई केली, आणि दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवता येणार नाही, असं बजावलं. वरच्या हिशेबात दंडव्याज वेगळं, सरळ पद्धतीनं धरलं तर तीन वर्षांचं 30,000 होतं आणि एकूण येणं 7,45,384. फरक पावणेचौदा हजारांच्या आसपास.

एवढ्यासाठी अपील? एकट्या त्या मुद्द्यासाठी नाही. पण त्याच निकालाची शेवटची चार वाक्यं वाचा. 'हुकूमनाम्यापासून रक्कम फिटेपर्यंत द. सा. द. शे. 14 टक्के व्याज' असं काही लिहिलंय का? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 34 प्रमाणे हुकूमनाम्यानंतरचं व्याज 6 टक्क्यांच्या वर देता येत नाही. अपवाद कर्ज व्यापारी व्यवहाराचं, म्हणजे कर्जदाराच्या उद्योगधंद्याशी जोडलेलं असेल तर. तिथेही करारातल्या दराची कमाल मर्यादा आहे, आणि 'देता येईल' म्हणजे 'द्यावंच लागेल' असं नाही. कर्ज मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी, घरदुरुस्तीसाठी घेतलेलं असेल आणि न्यायालयानं सवयीनं कराराचा दर लावला असेल, तर 7,59,000 वर 8 टक्क्यांचा फरक म्हणजे वर्षाला 60,720 रुपये. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीची कारवाई, पाच वर्षं रेंगाळली तर तीन लाखांच्या वर. लोक दंडव्याजावर तावातावानं भांडतात आणि ही ओळ वाचतही नाहीत. (गहाणाच्या दाव्यातल्या व्याजाला ऑर्डर 34 चा वेगळा नियम आहे, तो या हिशेबात मिसळू नका.) उलट बाजूही सांगायला हवी: 'बँकेचा व्याजदरच अवाच्या सवा आहे' हा मुद्दा बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 21अ मुळे न्यायालय सहसा ऐकत नाही. दर जास्त आहे असं नव्हे, दर कराराप्रमाणे लावलेला नाही असं दाखवता आलं पाहिजे.

आणखी पाहायच्या नोंदी: तुम्ही भरलेली पण जमा न दिसणारी रक्कम, यंत्रमागावरच्या अनुदानाची उशिरा किंवा चुकीच्या खात्यात झालेली जमा, विमा हप्ता, तपासणी फी, वकील फी आधीच कर्जखात्यात नावे टाकून पुन्हा दाव्याच्या खर्चात मागणं.

मुदतबाह्य दावा

साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा 3 वर्षांत, गहाणाच्या मालमत्तेवरचा 12 वर्षांत. मध्ये लेखी पोच दिली किंवा सहीनिशी काही रक्कम भरली तर 3 वर्षं नव्यानं सुरू होतात, पण ती पोच जुनी मुदत संपण्याच्या आत दिलेली असावी लागते. इथे 'शिल्लक मान्य' असं लिहिलेलं पत्र कळीचं. कर्ज मंजूर होताना कोऱ्या छापील फॉर्मवर घेतलेली सही पुढे तारीख टाकून वापरली, असा आरोप नेहमी होतो. तो सिद्ध करायचा तर तारखेची शाई, फॉर्मवरचा छपाईचा महिना, त्या दिवशी तुम्ही गावात होता का, असलं काहीतरी हातात हवं. जामीनदारानं पाहायचं ते हे, की पोच फक्त कर्जदाराच्या सहीची आहे की आपलीही आहे, आणि जामीनकरारात त्याबद्दल काय लिहून दिलंय.

दिवस मोजताना 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा कोरोनाचा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं मुदतीतून वगळलेला आहे, हे विसरू नका. 'दावा मुदतबाह्य' म्हणून ठोकून दिलेले कित्येक हिशेब इथेच फसतात. मुद्दा खरा असेल तर मात्र मुदत कायद्याच्या कलम 3 प्रमाणे कैफियतीत घेतलेला नसला तरी न्यायालयाला तो पाहावाच लागतो.

अपिलाची कारणं लिहिताना

'खालच्या न्यायालयानं पुराव्याचा योग्य विचार केला नाही' हे वाक्य सगळ्याच अपिलांत असतं आणि त्यानं कोणाचंच काही होत नाही. हेच असं लिहून पाहा: 'निशाणी 51 ही 40,000 रुपयांच्या भरण्याची पावती आहे. निशाणी 34 च्या उताऱ्यात ती रक्कम जमा नाही. बँकेच्या साक्षीदारानं उलटतपासात, परिच्छेद 9 मध्ये, पावतीवरचा शिक्का शाखेचा असल्याचं मान्य केलं. न्यायनिर्णयात या पावतीचा उल्लेखच नाही.' चार वाक्यं, चारही फाईलमध्ये बोट ठेवून दाखवता येतील अशी. असे चार-पाच मुद्दे पुरतात. पंचवीस मुद्द्यांच्या गर्दीत हेच हरवतात.

निकालानंतर कपाटात सापडलेली पावती अपिलात आपोआप वाचली जात नाही. तिच्यासाठी ऑर्डर 41 रूल 27 चा वेगळा अर्ज लागतो, आणि प्रयत्न करूनही ती आधी मिळू शकली नव्हती हे सांगावं लागतं. 'विसरलो होतो' हे कारण चालत नाही.

पूर्ण रक्कम अमान्य नसेल तर अपील वादातल्या भागापुरतं करता येतं. कोर्ट फी त्या भागावर बसते, शिवाय तुमचं म्हणणं जास्त पटतं. वकिलाची ऐपत नसेल तर सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हिशेब बरोबर आहे आणि कर्ज खरंच फेडायचं आहे असं उतारा वाचून दिसलं, तर अपिलाच्या खर्चापेक्षा एकरकमी परतफेडीची बोलणी स्वस्त पडतात. फक्त ती तुमचा हक्क नाही, बँकेच्या धोरणात बसली तरच मिळते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये स्पष्ट केलंय.

अपील म्हणजे स्थगिती नव्हे

अपील दाखल केलं आणि महिन्याभरात बेलिफ जप्तीला आला, असं होतं, कारण स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. ऑर्डर 41 रूल 5 प्रमाणे तीन गोष्टी दाखवायच्या: स्थगिती नसेल तर मोठं नुकसान होईल, अर्जाला विनाकारण उशीर केलेला नाही, आणि हुकूमनाम्याच्या पूर्ततेसाठी तारण द्यायला तयार आहोत. पैशाच्या हुकूमनाम्यात न्यायालय रक्कम भरायला किंवा तारण द्यायला सांगतं. रिकाम्या हातानं उभं राहण्यापेक्षा आपणहून आकडा मांडा: 'मान्य असलेले एवढे भरतो, वादातल्या रकमेसाठी अमुक मालमत्तेचं तारण देतो.' ठरलेल्या तारखेला रक्कम भरली नाही तर स्थगिती गेली. बँकेनं कॅव्हेट लावून ठेवलं असेल तर तिला ऐकल्याशिवाय आदेश होणार नाही, तेवढे दिवस धरून चाला.

पगारावर जप्ती आली तर किती कापता येतं हे जामीनदार कामगारानं माहीत करून घ्यावं. दिवाणी हुकूमनाम्यासाठी पगारातले पहिले 1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. 16,000 पगार धरला तर 15,000 चा तिसरा हिस्सा, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 5,000. एकाच हुकूमनाम्यापोटी अशी कपात एकूण 24 महिने चालते, पुढे नाही. भविष्यनिर्वाह निधीला हात लावता येत नाही.

दरखास्त चालू असताना शाखेत जाऊन रोखीनं काही भरलंत, तर पावती फाईलला लावून स्वस्थ बसू नका. ऑर्डर 21 रूल 2 प्रमाणे कोर्टाबाहेर दिलेली रक्कम न्यायालयात नोंदवून घ्यावी लागते. बँकेनं नोंदवली नाही तर तुम्ही 30 दिवसांत अर्ज द्यायचा. नोंद नसलेला भरणा दरखास्तीचं न्यायालय विचारातच घेत नाही आणि पूर्ण रकमेचा लिलाव पुढे सरकतो. स्थगितीची अट म्हणून भरलेल्या रकमेनं व्याज थांबलं असंही धरू नका. व्याज थांबवायचं तर हुकूमनाम्यापोटी म्हणून न्यायालयात भरायचं आणि तशी नोटीस बँकेला द्यायची. शेवटचा रुपया फिटला की 'पूर्ण समाधान' अशी दरखास्तीत नोंद करून घ्या, बँकेकडून बोजा उतरवण्याचं पत्र घ्या आणि सातबारा असेल तर तलाठ्याकडे, शहरातली जागा असेल तर नगर भूमापन कार्यालयात ते देऊन कोरा उतारा हातात घेऊनच घरी या.